रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल नावाचा एक खडकाळ परगणा समुद्रात दूरवर शिरलेला आहे. तांबे व कथील ह्यांच्या खाणींकरिता तो फार प्राचीन काळापासून प्रसिद्ध होता. ह्या परगण्यातील पेन्झन्स नामक लहानशा बंदरात ता. १७ डिसेंबर १७७८ रोजी हंफ्री डेव्ही ह्याचा जन्म झाला. पुढे धातूंच्या इतिहासात ज्याचे नाव कायमचे कोरले जावयाचे होते, त्याने अशा धातुसंपन्न भूमीत जन्म घ्यावा हा योगायोग खरा. परंतु त्याने जे धातू उजेडात आणले ते कोणत्याही खाणीत शुद्ध स्वरूपात सापडण्याजोगे नव्हते, हेही येथेच सांगून ठेवतो.

त्याचा बाप रॉबर्ट हा लाकडावर नक्षीकाम करणारा कारागीर होता. तो १७९४ साली वारला, तेव्हा हंफ्री अवघा सोळा वर्षांचा, पाच भावंडांत वडील. आणि घरावर तेराशे पौंडांचे कर्ज. आईने टोप्या व स्त्रियांची वस्त्रप्रावरणे विकण्याचे दुकान घालून संसार सावरला. शाळेत मुलाने विशेष चमक दाखविली होती असे नाही. मासे पकडणे, गोष्टी रचून सवंगड्यांस सांगणे, कविता जुळविणे ह्यांतच त्याचा वेळ जाई. परंतु बापाच्या मृत्यूने त्याच्यात पालट झाला. १७९५ च्या आरंभी त्याला बोर्लेस नावाच्या वैद्याकडे उमेदवार म्हणून ठेवण्यात आले, आणि त्याच सुमारास त्याने स्वतःच्या अभ्यासाची एक लांबलचक यादी तयार केली. तीत भाषा होत्या, तर्कशास्त्र होते, भूगोल होता, औषधीविद्या तर होतीच. ती सर्व पुरी झाली असे आम्ही म्हणणार नाही; तथापि सोळा वर्षांच्या पोरक्या मुलाने अशी यादी करावी ह्यातच पुष्कळसे आले.

रसायनशास्त्र त्याच्या हाती आले ते १७९७ च्या अखेरीस. लव्हाझिए ह्या फ्रेंच पंडिताचा ग्रंथ त्याने वाचला, आणि वाचल्याबरोबर त्यातील विधाने पडताळून पाहण्याची त्याला हुक्की आली. उपकरणे कोठून आणावयाची? औषधालयातील बरण्या, स्वयंपाकघरातील भांडी आणि चहाचे पेले ह्यांवर काम भागू लागले. किनाऱ्यावर फुटलेल्या एका फ्रेंच जहाजावरील शस्त्रवैद्याने त्याला आपली हत्यारांची पेटी दिली होती. तीतील एका पिचकारीचा त्याने हवा काढून घेण्याचा पंप बनविला. घरातील वडीलधारी मंडळी स्फोटांच्या भीतीने कावून जात. आमच्या शाळेतील ज्या विद्यार्थ्यांस प्रयोगशाळेतील सामान अपुरे असल्याची तक्रार करण्याची सवय आहे, त्यांनी ह्या पिचकारीची आठवण ठेवण्यास हरकत नाही.

दैव म्हणा वा गावचा लहानपणा म्हणा, योग्य माणसांची दृष्टी ह्या मुलावर लवकर पडली. वाफेच्या यंत्राने प्रसिद्ध झालेल्या जेम्स वॅटचा मुलगा ग्रेगरी हा हवापालटासाठी पेन्झन्सला येऊन डेव्हीच्याच आईकडे उतरला होता. डेव्हिस गिडी नावाच्या एका विद्वान गृहस्थाने तर वैद्याच्या दारातील फाटकावर झोके घेत असलेल्या ह्या मुलाची चौकशी केली आणि त्यास आपले ग्रंथालय खुले करून दिले. त्याच्याच शिफारशीने १७९८ च्या ऑक्टोबरात डेव्ही ब्रिस्टल येथे डॉक्टर बेडोझ ह्यांच्या संस्थेत गेला. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे करता येतात की काय हे पाहण्यासाठी ही संस्था निघाली होती. डेव्हीने तेथे नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्यास पुढे हास्यवायू हे नाव पडले तो, स्वतः हुंगून पाहिला, आणि त्याने वेदना थांबते असे त्याच्या ध्यानात आले. शस्त्रक्रियेत ह्याचा उपयोग होऊ शकेल, असे त्याने १८०० सालच्या आपल्या ग्रंथात लिहूनही ठेवले; परंतु कोणी लक्ष दिले नाही, आणि पुढील चाळीसांहून अधिक वर्षे रोगी पूर्ववत शुद्धीवरच कापले जात राहिले. कोळशापासून काढलेला विषारी वायू हुंगताना मात्र तो मरणाच्या दारातून परत आला. हा भाग कोणी अनुकरणार्थ वाचू नये.

१८०१ साली लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या नव्या संस्थेने त्यास बोलाविले आणि पुढच्याच वर्षी, तेविसाव्या वर्षी, तो तेथील रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच्या व्याख्यानांस राजधानीतील प्रतिष्ठित स्त्रीपुरुषांची एवढी गर्दी होई की दाराशी गाड्यांची दाटी मोडणे कठीण पडे. वक्तृत्व त्याच्या अंगी होतेच. प्रयोग डोळ्यांपुढे करून दाखविण्याची हातोटीही होती, आणि आपण लोकांस आवडतो हे त्यास कळू लागले होते. ह्या शेवटच्या गोष्टीने त्याचे पुढे नुकसान केले असे आमचे मत आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. १८०० साली इटलीतील व्होल्टा ह्याने तांबे किंवा रुपे आणि जस्त ह्यांच्या चकत्या एकावर एक रचून, मधे खाऱ्या पाण्याने भिजविलेल्या चकत्या घालून, विजेचा अखंड प्रवाह उत्पन्न करून दाखविला होता. त्याच वर्षी इंग्लंडात निकल्सन व कार्लाइल ह्यांनी त्या प्रवाहाने पाण्याचे पृथक्करण केले. डेव्हीने ह्या गोष्टीचा पिच्छा पुरविला. त्याचे म्हणणे असे की, दोन पदार्थ एकमेकांशी रासायनिक रीतीने बांधले जातात ते विजेच्या आकर्षणानेच. तेव्हा पुरेशा बलवान विजेने ती गाठ सोडविताही आली पाहिजे. धातू आणि उज्जवायू हे ऋण टोकाकडे जातात, प्राणवायू आणि अम्ले धन टोकाकडे जातात, हे त्याने १८०६ च्या व्याख्यानात मांडले. त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स ह्यांत युद्ध चालू असूनही फ्रान्सच्या विद्वत्सभेने ह्या कार्याबद्दल त्यास पारितोषिक दिले. शत्रूचे बक्षीस घ्यावे की नाही ह्यावर लंडनात चर्चा झाली. डेव्हीने ते घेतले.

लाकडाच्या राखेपासून निघणारा पोटॅश आणि सोडा हे दोन क्षार त्या काळी कोणासही फोडता आले नव्हते. चुना, मॅग्नेशिया, बॅराइट ह्या मातीसारख्या पदार्थांस तर लव्हाझिएने मूलद्रव्यांच्याच यादीत घातले होते, जरी त्यांत एखादा धातू प्राणवायूशी जखडलेला असावा असा संशय त्याच्या मनात होता. जखडलेला असेल तर सुटत का नाही? कारण असे की, लोखंडाची दगडमाती भट्टीत कोळशाबरोबर घातली म्हणजे कोळसा तिच्यातील प्राणवायू ओढून घेतो व लोखंड मोकळे होते. परंतु पोटॅशमधील धातूची प्राणवायूवरील पकड त्या काळच्या साध्या उपायांनी सुटण्याजोगी नव्हती. येथे डेव्हीची वीज कामी आली.

प्रथम त्याने पोटॅश पाण्यात विरघळवून प्रवाह सोडला. पाणीच तेवढे फुटले. पोटॅश जसेच्या तसे. मग पाणी अजिबात टाळून त्याने प्लॅटिनमच्या चमच्यात पोटॅश वितळविले. आता ऋण टोकापाशी तेजस्वी ज्वाला दिसू लागली, म्हणजे काहीतरी निघत होते; परंतु निघताक्षणीच जळून जात होते. अखेर ता. ६ ऑक्टोबर १८०७ रोजी त्याने मधला मार्ग काढला. घट्ट पोटॅशचा एक तुकडा काही क्षण हवेत उघडा ठेवला. हवेतील ओल शोषून त्याचा पृष्ठभाग किंचित दमट झाला, आणि वीज आतून वाहण्यापुरता मार्ग मिळाला. तो तुकडा प्लॅटिनमच्या तबकडीवर ठेवून, सहा इंची शंभर व चार इंची दीडशे पत्र्यांच्या विद्युद्घटमालेचे ऋण टोक तबकडीस व धन टोक वरच्या बाजूस लावले. पोटॅश दोन्ही ठिकाणी वितळू लागले. वर फसफस झाली. खाली मात्र पाऱ्यासारखे चकचकणारे बारीक बारीक थेंब दिसू लागले. काही फाटकन पेटले, काही उरले व त्यांवर पाहता पाहता पांढरे पटल चढले. जवळ मदतनीस म्हणून काम करणारा त्याचा चुलतभाऊ एडमंड ह्याने पुढे सांगितले आहे की, ते थेंब पाहून डेव्ही आनंदाच्या भरात खोलीभर नाचू लागला आणि प्रयोग पुढे चालविण्याइतका शांत होण्यास त्याला बराच वेळ लागला. हा धातू म्हणजे पोटॅशियम. थोड्याच दिवसांत त्याने सोड्यापासून सोडियम काढले.

ह्या नव्या धातूंचे वर्तन पाहून जुनी कल्पनाच डळमळली. धातू म्हटला म्हणजे जड, कठीण आणि चिवट असा लोकांचा समज. पोटॅशियम तर चाकूने कापता येई, पाण्यावर तरंगे, आणि तरंगता तरंगता पेट घेई! पाणी म्हणजे उज्जवायू व प्राणवायू; हा धातू पाण्यापासून प्राणवायू हिसकावून घेतो, उज्जवायूस बाहेर लोटतो, आणि त्या झटापटीत एवढी उष्णता उत्पन्न होते की सुटलेला उज्जवायू जांभळट ज्वालेने जळू लागतो. बर्फावर ठेविले तरी तो पेटून बर्फास भोक पाडतो. हवेत ठेवावा तर काळवंडून राख होते. तेव्हा तो ठेवावयाचा कशात, हाच प्रश्न पडला. पुष्कळ द्रवांची परीक्षा केल्यावर नॅफ्था ह्या खनिज तेलात तो सुरक्षित राहतो असे डेव्हीस आढळले, कारण त्या तेलात प्राणवायूच नाही. आपल्या प्रयोगशाळेत सोडियमचा तुकडा रॉकेलच्या बाटलीत बुडालेला विद्यार्थी पाहतात, त्याचे मूळ हे आहे.

धातू प्राणवायूशीच लग्न लावतात असे नाही. ते एकमेकांशीही मिळून जातात. पोटॅशियम पाऱ्यात टाकले तर उष्णता निघून दोहोंचा एकजीव होतो, आणि तो मेळ पाण्यात टाकला तर पोटॅशियम पाण्याशी झगडून निघून जाते व पारा निव्वळ मागे राहतो. पोटॅशियम व सोडियम हे दोन्ही घट्ट धातू योग्य प्रमाणात एकत्र केले तर साध्या उष्णतेतही पाऱ्यासारखा द्रव होतो, ही तर मौजच आहे. पाऱ्याच्या ह्या मिळून जाण्याच्या गुणाचा डेव्हीस लवकरच मोठा उपयोग झाला. चुना व बॅराइट ह्यांतील धातू विजेने सुटेनात, तेव्हा स्टॉकहोम येथील बर्झेलियस व पाँटिन ह्यांच्याकडून त्यास कळले की, ऋण टोकाशी पारा ठेवावा. धातू सुटताच पारा त्यास पोटात घेतो आणि हवेपासून वाचवितो. मग तो पारा उष्णतेने उडवून लावला की धातू उरतो. ह्या युक्तीने १८०८ साली कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम व मॅग्नेशियम हे चार धातू एकामागून एक हाती आले.

तत्पूर्वी, १८०७ च्या नोव्हेंबरात पोटॅशियमचा शोध जाहीर केल्याबरोबर, डेव्ही मरणप्राय आजारी पडला होता. त्याच्या प्रकृतीची विचारपूस करण्यास एवढे लोक येऊ लागले की संस्थेच्या दारावर रोजची हकीकत लिहून लावावी लागली. कित्येक आठवड्यांनी तो उठला.

एक धातू मात्र त्याला वश झाला नाही. तुरटीतील मातीत धातू आहे हे त्याने ओळखले, त्यास नावही दिले. परंतु तो शुद्ध काढणे त्यास साधले नाही. १८२५ मध्ये डेन्मार्कातील ओर्स्टेड ह्याने पोटॅशियम मिसळलेला पारा वापरून आणि १८२७ मध्ये जर्मनीतील वोलर ह्याने निव्वळ पोटॅशियम वापरून तो सोडविला. म्हणजे डेव्हीच्या हातून जे घडले नाही ते डेव्हीच्याच धातूने केले. पोटॅशियमची प्राणवायू, क्लोरीन इत्यादिकांविषयीची हाव अॅल्युमिनियमच्याही वर असल्यामुळे त्याने तो जोडीदार स्वतःकडे ओढून घेतला. १८८६ पासून अॅल्युमिनियम विजेनेच काढू लागले आणि तो स्वस्त झाला. आपल्या स्वयंपाकघरातील पातेली त्याच धातूची.

क्लोरीनविषयी थोडे सांगून पुढे जाऊ. हा हिरवट पिवळा विषारी वायू शेले ह्याने १७७४ मध्येच काढला होता, परंतु त्यात प्राणवायू आहे असे सर्वजण धरून चालले होते. कारण सर्व अम्लांत प्राणवायू असलाच पाहिजे असे लव्हाझिएचे मत होते. डेव्हीने तापून पांढऱ्याशुभ्र झालेल्या कोळशावरून तो वायू नेला, तरी प्राणवायूचा मागमूस लागेना. १८१० साली त्याने तो मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले. ज्या ग्रंथाने त्यास शास्त्राची गोडी लावली त्याच ग्रंथातील एक सिद्धान्त त्याने असा मोडला. धातू क्लोरीनमध्येही प्राणवायूसारखेच जळतात. पाण्यावर पेटणारे सोडियम आणि फुप्फुसे जाळणारे क्लोरीन ह्यांच्या संयोगाने आपल्या पानात वाढले जाणारे मीठ होते.

१८१२ च्या एप्रिलात डेव्ही सर झाला आणि तीनच दिवसांनी जेन अॅप्रीस नावाच्या एका श्रीमंत विधवेशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी एका स्फोटात त्याच्या डोळ्यांस इजा झाली, आणि बुकबाइंडरच्या दुकानात काम केलेला मायकेल फॅरडे हा तरुण त्याच्या संपर्कात आला. १८१३ मध्ये तो संस्थेत मदतनीस लागला. त्याच वर्षी नेपोलियनच्या परवान्याने डेव्ही पत्नी व फॅरडे ह्यांसह युरोपच्या प्रवासास निघाला. पॅरिसमध्ये आयोडिनचे परीक्षण, फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने हिरा जाळून तो निव्वळ कार्बन असल्याची खात्री, मिलानमध्ये वृद्ध व्होल्टाची भेट, असा हा प्रवास. फॅरडेला मात्र अर्धा नोकर म्हणून वागविले गेले.

१८१५ च्या अखेरीस खाणीतील सुरक्षित दिवा निघाला. १८१२ च्या मे महिन्यात फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मेली होती. डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसविली, एका चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेली. जाळीचा धातू ज्योतीची उष्णता झपाट्याने पसरवितो, त्यामुळे आतील ज्वाला बाहेरच्या वायूस पेटवू शकत नाही. त्याने पेटंट घेतले नाही. घेण्याचा आग्रह झाला असताही नाकारले. जॉर्ज स्टीफन्सन ह्यानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे एक दिवा केला होता, ही गोष्ट डेव्हीस शेवटपर्यंत सहन झाली नाही. आणि दिव्याच्या भरवशावर मालकांनी पूर्वी सोडून दिलेल्या धोक्याच्या जागा पुन्हा खणावयास घेतल्या, त्यामुळे अपघात थांबले असे म्हणता येत नाही. खाणीच्या मालकांनी १८१७ मध्ये डेव्हीस चांदीची मौल्यवान भांडी अर्पण केली. १८२० साली तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

ह्यानंतरची हकीकत दुःखाची आहे. लाकडी जहाजांच्या तळास किडा लागू नये म्हणून आरमाराची जहाजे तांब्याच्या पत्र्याने मढवीत. पण समुद्राचे पाणी तो पत्रा खाऊन टाकी. १८२३ मध्ये सरकारने ह्यावर उपाय विचारला. डेव्हीचा विचार सरळ होता. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांस टेकले म्हणजे व्होल्टाच्या घटातल्याप्रमाणे वीज वाहते, आणि त्यांपैकी जो प्राणवायूस अधिक लोभी तोच झिजतो, दुसरा वाचतो. जस्त व लोखंड हे तांब्याहून लोभी आहेत. तेव्हा पत्र्यास त्यांचा लहानसा तुकडा जोडला की पुरे. वाटाण्याएवढ्या जस्ताने चाळीसपन्नास चौरस इंच तांबे सुरक्षित राहते असे प्रयोगात दिसलेही. आपल्याकडे ताक पितळेच्या भांड्यात कळकते म्हणून त्यास कल्हई लावतात. तेथे कथील नुसते पांघरुणासारखे मधे उभे राहते. डेव्हीचे जस्त पांघरूण घालीत नव्हते, स्वतः झिजून दुसऱ्यास वाचवीत होते.

जहाजांवर तुकडे बसले, आणि तांबे खरोखरच झिजेनासे झाले. तेव्हा एक विपरीत गोष्ट घडली. झिजणाऱ्या तांब्याचे विष पाण्यात उतरत होते म्हणूनच शेवाळ व शिंपले आजवर तळास चिकटत नव्हते! आता विष नाही, तेव्हा तळावर रान माजले आणि जहाजे चालेनाशी झाली. १८२५ पासून आरमाराने ते तुकडे काढून टाकविले. वर्तमानपत्रांनी यथेच्छ थट्टा केली. रसायनशास्त्र चुकले नव्हते, समुद्रातील जीवांचा हिशेब राहिला होता. परंतु हा भेद कोण लक्षात घेतो? लोखंडी जहाजांच्या तळास व जमिनीत पुरलेल्या नळांस जस्ताचे ठोकळे जोडून त्यांचे रक्षण करतात ते ह्याच तत्त्वाने, आणि जस्ती पत्र्यावर ओरखडा पडला तरी आतील लोखंड लगेच गंजत नाही त्याचेही कारण हेच.

फॅरडेशी झालेल्या वर्तनाबद्दल मात्र त्याचा बचाव करणे आम्हांस कठीण वाटते. शिष्याची कीर्ती वाढू लागली तशी गुरूची दृष्टी बदलली, आणि १८२४ मध्ये फॅरडेचे नाव रॉयल सोसायटीच्या सभासदत्वास आले असता अध्यक्ष डेव्हीने विरोध केला. फॅरडे निवडून आलाच. एक मत तेवढे विरुद्ध पडले. फॅरडेने पुढे आयुष्यभर डेव्हीविषयी आदरानेच बोलावे, ह्यात दोघांच्या स्वभावांतील अंतर दिसते.

१८२६ च्या सप्टेंबरात आई गेली आणि वर्षअखेरीस डेव्हीस अर्धांगाचा झटका आला. पुढच्या वर्षी त्याने अध्यक्षपद सोडले. उरलेला काळ आल्प्स पर्वताच्या आसपास आणि इटलीत मासे धरीत व लिहीत घालवून तो ता. २९ मे १८२९ रोजी जिनीव्हा येथे वारला. वय पन्नास. मूल नव्हते. खाणवाल्यांनी दिलेली चांदीची भांडी अखेर रॉयल सोसायटीकडे यावीत व त्यांच्या पैशांतून रसायनशास्त्रातील शोधांबद्दल पदक द्यावे, अशी त्याची इच्छा होती. त्याप्रमाणे भावाच्या मृत्यूनंतर ती भांडी वितळवून विकण्यात आली. ते पदक प्रथम १८७७ साली बुन्सेन व किर्खहोफ ह्या दोन जर्मन शास्त्रज्ञांस मिळाले; ज्वालेच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांनी सीझियम व रुबिडियम हे दोन धातू शोधले होते, आणि ते दोन्ही पोटॅशियमच्याच कुळातील, पाण्यावर त्याहूनही भयंकर पेटणारे निघाले.